खजुराचा डबा

रुमाना शाळेतून खजुराचा रिकामा डबा घेऊन आली,
झाकणाला करवतीने पाडलेली चीर.
"अब्बा, निवडणूक आहे. अठराशे साठची. अमेरिकेची.
प्रत्येक घरातून दोन मतं:
एक आमचं, एक मोठ्या माणसाचं."

रास अल खैमाला, खाणीच्या धुळीने करड्या झालेल्या
बाल्कनीत आम्ही बसलो.
मला मत देऊन एकवीस वर्षं झाली.
मंडणगडच्या यादीत नाव अजून आहे म्हणतात,
मयत चुलत्याच्या खाली, वय चुकीचं.
इथे मी हजेरी घेतो.

चार उमेदवार. फिलोमिना मिसने
प्रत्येकाचा एक पुठ्ठा कापलेला. चेहरा नाही,
नुसतं म्हणणं.
पहिला: गुलामी आहे तिथे राहो, पुढच्या मुलखात पाऊल नको.
दुसरा: ज्या त्या मुलखातल्या लोकांनी आपलं ठरवावं.
"लोकांनी म्हणजे कुणी?"
मी चहा ढवळत राहिलो.
तिसरा: माणूस ही मालमत्ता, आणि मालमत्तेला सगळीकडे संरक्षण.
चौथा: राज्यघटना. एकी. कायदा.
"आणि गुलामीचं?"
त्या जागी पुठ्ठा कोरा.

"असा माणूस उभा तरी कशाला राहतो?"
भांडण मिटावं म्हणून, मी म्हटलं.
वयस्क, सभ्य माणसं होती त्याच्याबरोबर.
हे सांगताना माझा आवाज
कंपनीच्या नोटीस बोर्डासारखा येतोय
हे मलाच ऐकू आलं.

खिशात किल्ली होती.
पोलादी कपाटाची. आत दोनशे बारा पासपोर्ट,
रबर लावून, देशवार.
कायद्याने ठेवायचे नसतात. मी ठेवत नाही,
कंपनी ठेवते. मी किल्ली ठेवतो.
मे महिन्यात बेतियाचा इंद्रासन चार वेळा आला,
बायकोचे दिवस भरत आले होते त्याच्या.
मी चार वेळा म्हटलं, साहेबांना विचारतो.
विचारलंही.
एकदा.

रुमाना वहीतून वाचत होती:
पहिल्याचं नाव दक्षिणेतल्या दहा राज्यांत
चिठ्ठीवरच नव्हतं, तरी तो आला,
शंभरातली चाळीसही मतं नसताना.
चाळीस लाख गुलामांना मत नव्हतं.
"मला असतं?"
"नाही. बायकांना नव्हतंच."
"आणि इथे तुम्हाला?"
खाली खडीचा ट्रक मागे येत टीं टीं करत होता.
तो थांबेपर्यंत बराच वेळ गेला.

तिने तिची चिठ्ठी माझ्यासमोर भरली, झाकली नाही.
मी माझी घेऊन स्वयंपाकघरात गेलो,
मिसळणाच्या डब्याला टेकवून फुली मारली,
घडीवर घडी घातली, जाईल तिथवर.
जैनब म्हणाली, मत आहे की ताईत?

गुरुवारी निकाल.
मुलांची मतं पहिल्याला, भरघोस.
मोठ्यांची मिसने वेगळी मोजली:
एकोणतीस घरं, त्यातली एकोणीस
कोऱ्या पुठ्ठ्याला.
"अब्बा, एकोणीस! तिकडे त्याला
तीनच राज्यं मिळाली होती.
आमच्या वर्गात राष्ट्राध्यक्ष झाला असता."
मिस हसली नाही म्हणे.
डबा उलटा करून, तळच्या चिकाला धरून बसलेली
एक चिठ्ठी नखाने सोडवत राहिली,
फार घड्यांची.
"ती मोजली का?"
"घंटा झाली," रुमाना म्हणाली.
मग: "तुम्ही कुणाला दिलंत?"
मत गुप्त असतं, मी म्हटलं.
ती "हो" म्हणाली. तेवढंच.

रात्री पँट धुवायला टाकताना
जैनबने खिसे उलटे केले,
किल्ली ओट्यावर ठेवली.
शेजारी डबा होता, धुतलेला,
पाणी निथळायला पालथा घातलेला.