बरणीवर न मावलेलं

बरणीवर लिहिलंय : स्थापना एकोणीसशे सेहेचाळीस.
त्याखाली टोपीवाला साहेब, हातात चमचा.
आमच्या आईनं हा साहेब रोज चारशे वेळा चिकटवला
खळीच्या बोटांनी, नाक सरळ येईल असा.
"एकदा तरी खाली बघ की रं," म्हणायची त्याला.

ती सांगायची ते बरणीवर मावत नाही.

पसरणीच्या घाटात ट्रकचा पाटा तुटला,
भिलारची स्ट्रॉबेरी दोन रात्री तिथंच.
तिसऱ्या दिवशी पेट्यांतून रस गळायला लागला
आणि माश्यांच्या आधी पोचला खुतबुद्दीन मुजावर,
पाचगणीच्या शाळेतला आचारी,
लग्नातली तांब्याची कढई डोक्यावर घेऊन.
साखर शाळेच्या कोठीतली, न विचारता.
लिंबं कुणाच्या तरी बांधावरची.
थेंब गार बशीत टाकायचा, बशी तिरकी करायची :
पळाला तर कच्चा,
थबकून सुरकुतला तर झाला.
बस्स. एवढीच कंपनी होती तेव्हा.

पुढे साहेब आले, बॉयलर आला, भोंगा आला.
पासष्टच्या लढाईत डबे पलटणीला गेले.
मग रेडिओवर एक बाई गोड आवाजात म्हणू लागली,
"देशाची सकाळ, लालमोर जॅम!"
देशाची सकाळ व्हायची तेव्हा
खुतबुद्दीनचाचा रात्रपाळी संपवून
सायकलची हवा बघत असायचे.

लेबल बदलत गेलं. साहेबाच्या मिश्या गेल्या,
मग साहेबच गेला,
दप्तर अडकवलेला, दात विचकणारा मोर आला.
अक्षरं बारीक झाली, फळ त्याहून बारीक.
भोपळ्याचा विषय निघाला की आई खोकायची.

आमच्या घरातला जॅम कधी संपला नाही,
कारण तो कधी आलाच नव्हता.
यायच्या त्या टवका उडालेल्या रिकाम्या बरण्या,
एकीत मोहरी, एकीत माझे दुधाचे दात.
एकदाच, बोनसऐवजी, भरलेली मिळाली.
आईनं शिळ्या भाकरीवर बोटानं ओढला,
चाटला, डोळे मिटले,
आम्ही चौघं तिच्या तोंडाकडं बघत.
"पळतोय," म्हणाली. "कच्चा काढलाय."

परवा वाईच्या स्टँडसमोर हॉटेलात
पावासोबत नखाएवढी पुडी आली.
मोर तोच. पत्ता परमुलखातला.
मी बशी मागितली, गार.
थेंब टाकला, तिरकी केली.
पोऱ्या फडकं घेऊन थांबला : "काय हुडकताय?"

थेंब जागचा हलला नाही.
सुरकुतलाही नाही.