सत्त्याण्णव बार गप्प

सत्त्याण्णव बार गप्प, मग एक टिंग.
ट्रायँगलवाल्याचं काम एवढंच,
आणि चुकलं तर अख्ख्या सदरला कळतं.

सप्टेंबरात सिंफनी. हॉलात उकाडा,
व्हायोलिनांच्या तारा घामानं उतरत होत्या.
दोन भागांच्या मध्ये फिलेमन सर कपाळ पुसत थांबले,
तर मागच्या रांगांनी तिथंच टाळ्या दिल्या.
सर वळून हसले. काय करणार.

नोव्हेंबरात जॅझ.
लग्नाच्या सीझनमधून एक संध्याकाळ सोडवून आणलेला झुबेर
क्लॅरिनेट घेऊन उभा राहिला, समोर कागद नाही.
"काय करून राहिला बे?"
"वरात अडली की असंच वाजवतो," म्हणाला,
"नवरदेव घोड्यावरून उतरेपर्यंत."
त्या रात्री मला मोजायला काहीच नव्हतं.

डिसेंबर. मोहननगर, चर्चचं आवार,
थंडी अशी की पितळ ओठांना चिकटतं.
कुणीतरी पिशवीभर संत्री फिरवली,
उके मॅडमच्या चेलोच्या गजाला अजून सालीचा वास.
शेवटचं कॅरोल. मी मोजतोय, नव्वद, एक्क्याण्णव,
आणि स्टेशनाकडून मालगाडीची शिट्टी,
लांबलचक, किंचित बेसूर.
सरांनी हात हवेतच धरला.
डबे मोजले मी. सवयच ती.
अठ्ठावन्न.
माझा आकडा त्यांच्याबरोबर इटारसीकडे गेला.

हात खाली आला.
सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही,
मी कागदाकडे नाही.
वाजवलं.

बरोबर होतं का, कुणी बोललं नाही.
झुबेर तेवढा, सालं खिशात कोंबत, हसला.