शहर टाळून

बाहेर उणे एकतीस. कंटेनरच्या पत्र्याला
आतून बर्फाची बुरशी चढलेली.
आणि दाशन्यामच्या लॅपटॉपच्या पोटात
सत्त्याण्णव अंश.
एवढं ऊबदार दुसरं काही
आज अख्ख्या नारनतूल बाजारात नसेल.

"प्रोसेसर बदलून दे," तो म्हणाला,
आणि कोटाच्या आतल्या कोटातून
रुमालात बांधलेल्या नोटा काढल्या,
दोन लाख ऐंशी हजार तुग्रुग.
भाव आधीच विचारून आला होता तीन दुकानांत.

वय एकसष्ट. चौतीस वर्षं ट्रॉलीबस हाकली,
तार जाईल तिथंच.
आता रात्री ट्रक चालवतो, पडद्यावर,
कधी न पाहिलेल्या युरोपातून.
पुढे मुलगा, मागे हा.
मुलगा इंचॉनला, बादल्यांच्या कारखान्यात;
शनिवारी पाळी सुटली की
दोघं कुठून तरी कुठं तरी टोमॅटो पोचवतात.

"मोकळ्या रस्त्यावर ठीक चालतं," म्हणाला,
"शहर आलं की अडकतं.
सिग्नलला त्याचा ट्रक दिसतो,
मग एकदम तो तीन चौक पुढे गेलेला असतो.
मधे काय झालं, कळतच नाही."

मी स्क्रू काढत होते. मान वर केली नाही.

यंत्र जुनं, जाडजूड,
अजून खोबणीतला प्रोसेसर असलेलं.
नव्यांमध्ये तो डाख देऊनच टाकतात,
जन्माची गाठ.
इथं सुटते. अर्धा वळसा फिरवला की
चिप चिमटीत येते.
दोन गाभ्यांची काढायची, चार गाभ्यांची बसवायची,
दहा मिनिटं, आणि मला चाळीस हजार सुटतात.
कंटेनरचं भाडं सोमवारी.

पण पंखा उघडला आणि
त्यातून हिवाळे निघाले.
एक नाही, पाच-सहा: टेकडीवरच्या
सगळ्या चुलींचा कोळसा,
काजळीचा दाबून दाबून नमदा झालेला,
त्यात मेंढीच्या लोकरीचे दोन धागे.
श्वास घ्यायला फट नव्हती कुठे.

यात चार गाभे बसवायचे
म्हणजे दमेकऱ्याला पळायचे नवे बूट.
पंखा तोच, तांब्याची नळी तीच,
आग मात्र दीडपट.

"एवढ्या पैशांत," मी विचारलं, "नक्की काय हवंय?"
वाटलं, आकडा सांगेल, सेकंदाला किती चित्रं.
तो म्हणाला, "सिग्नलला त्याच्या मागे थांबायचंय."

आता याला काय भाव लावायचा?
अख्खं यंत्र विकलं तरी दीड लाख यायचे नाहीत.
चार आण्याची कोंबडी, बारा आण्याचा मसाला,
खरंय;
पण भूक त्याची,
आणे मोजणारी मी कोण?

ब्रशनं काजळी काढली. वाळून खडू झालेली
जुनी पेस्ट खरवडली,
नवी लावली तांदळाच्या दाण्याएवढी.
खणात पडून असलेली मेमरीची एक पट्टी
खोचून दिली. पंधरा हजार सांगितले.

चालू केलं. चौऱ्याहत्तर.
माझ्या फोनवरून नेट जोडून शहरात शिरलो.
अडकलं.
कमी, पण अडकलं.
तो माझ्याकडे बघत राहिला.
चार गाभ्यांनी अजून थोडं सुटलं असतं,
किती, ते मला माहीत नाही:
हेही सांगितलं, कारण तेही खरं होतं.

त्यानं नोटा मोजल्या, जणू मघापासून
त्यांची संख्या बदलली असेल.
मग गाठ पुन्हा बांधली. "त्सागान सारनंतर बघू."
आणि दारातच फोन लावला,
तोंडाची वाफ मागे कंटेनरात येत होती:

"ऐक, आज शहर टाळून जाऊ."
पलीकडून काहीतरी.
"पडू दे लांब."
पुन्हा काहीतरी, मग हसण्याचा आवाज.
"टोमॅटो सडतील तर सडू देत. घाई कुणाला आहे?"

चार गाभ्यांची ती चिप
मी वेगळ्या डबीत ठेवलीय.
मंगळवारी एक पोरगा विचारून गेला,
म्हटलं, नाहीये.
भाड्याला दोन दिवसांची मुदत मागितली.