साडेअठ्ठेचाळीस

वागळे इस्टेटमध्ये, सोळा नंबरच्या रस्त्यावर,
गोळ्यांच्या बंद कारखान्यात आम्ही वाजवायचो.
भिंतीपलीकडे ट्रान्सफॉर्मर. त्याचा अखंड घूंऽऽ.
ट्यूनर घ्यायला पैसे नव्हते,
त्या घुमण्यालाच षड्ज मानलं.
बाळारामने गिटार त्यात मिळवली, उन्मेषने गळा.
मी ऑर्गनवर शोधत राहायचे
दोन पट्ट्यांच्या फटीतला
कुठेच नसलेला सूर.

बँडचं नाव तवंग.
कळव्याच्या खाडीवर तेल पसरलं की
पाण्यावर जांभळं, मोरपंखी काहीतरी सरकायचं,
आम्हाला तेवढी नशा पुरायची.
(बेनेडिक्टला पुरायची नाही.
पण ते त्याच्या मुलींना सांगायचं नाही, असं ठरलंय.)

एक कॅसेट निघाली, एकशेऐंशी प्रती.
गोखले रोडच्या दुकानदाराने
सायकेडेलिक म्हणजे काहीतरी आध्यात्मिक समजून
भजनांशेजारी मांडली. अकरा खपल्या.
मग भांडण.
कशावरून, ते चौघांना चार प्रकारे आठवतं.

सव्वीस वर्षांनी घणसोलीत जमलो,
बाळारामच्या साडेबारा टक्क्यांच्या इमारतीत,
तळमजल्यावर. आधी तिथे त्याचं भातशेत होतं,
आता टाइल्सचं गोदाम.
भिंतींना लग्नाच्या भाड्याच्या गाद्या टेकवल्या.
उन्मेषची दाढ गेलीय, त्याचा स शिट्टी मारतो.
बेनेडिक्ट श्रवणयंत्र काढून काडेपेटीत ठेवतो
आणि मग वाजवतो,
पूर्वीपेक्षा बरा.

जुनी कॅसेट लावली. मीटरवर घुमणं
शंभर दिसायला हवं, तिथे सत्त्याण्णव.
बाळारामचा पुतण्या म्हणाला, टेप ताणलीय, आत्या.
ऐरोलीच्या भार प्रेषण केंद्रात
माझी तेवीस वर्षं गेली.
म्हटलं, अर्धे कर. साडेअठ्ठेचाळीस.
तेव्हा संध्याकाळी घरोघरी दिवे लागायचे
आणि वीज पन्नासाखाली घसरत जायची.
टेप बरोबर आहे रे.
अख्खं राज्य खाली वाजत होतं.

आता काटा पन्नासापासून फारसा ढळत नाही.
ढळला तर मला फोन येतो.

नव्या ऑर्गनला सूर उतरवायचं बटण आहे.
उतरवला, त्या जुन्या संध्याकाळपर्यंत,
आणि एक पट्टी दाबून धरली.
डोक्यावरची ट्यूबलाइट आपल्या शंभरात घुमत होती.
दोघांचं जमेना.
मधल्या हवेत लाट उठली,
वॉ… वॉ… वॉ…
सेकंदाला तीन.

बाळाराम म्हणाला, ट्यूब बंद करू?
उन्मेष म्हणाला, राहू दे.
बेनेडिक्टला काहीच ऐकू येत नव्हतं,
त्याने ड्रमच्या कातड्यावर तळवा टेकवला,
डोळे मिटून मोजलं,
आणि म्हणाला, आलं, आलं.

पहिलं गाणं तेवढंच आहे. सात मिनिटं.
त्याच्या मुली म्हणतात, तबकडी बिघडलीय,
बदलून घ्या.