एक जानेवारी दोन हजार नऊ

साखरीनाट्याच्या बर्फ कारखान्यात अठ्ठावीस वर्षं
मी कॉम्प्रेसरचा नुसता आवाज ऐकून सांगायचो
कुठली झडप रुसली आहे.
म्हणून हा डबा तीनदा टूं करून गप्प झाला
तेव्हा वाटलं, हे आपल्याच खात्यातलं काम.

थकलेल्या दोन पगारांच्या बदल्यात
शेठनी दिलेला ऑफिसचा कॉम्प्युटर.
कुशीवर अजून मार्करने लिहिलंय: लादी उधारी.

पत्रा उघडला. आत खाऱ्या वाऱ्याची पांढरी साय,
स्क्रूंना गंज, पंख्याखाली वाळलेली पाल.
होडेकरांची तन्झिला बारावीत शिकते. ती म्हणाली,
काका, रॅम काढा, तिचे पिवळे दात खोडरबरने घासा,
काळं जाईपर्यंत, पण हळू.
घासले.
एकच टूं, आणि काळ्या पडद्यावर पांढरी ओळ:
ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही.
निदान बोलायला तरी लागला.

मग पेनड्राइव्हवरची नवी सिस्टिम, फुकटातली.
तिने पहिल्याच दमात विचारलं: पूर्ण डिस्क पुसू?
मी घाबरून नाही म्हटलं.
तन्झिला हसली नाही, हे तिचं चांगलं.
तिने डिस्कची वाटणी केली,
तलाठी नाही, मोजणीची साखळी नाही,
गडग्यावरनं शिव्या नाहीत.
एक तुकडा सिस्टिमला, चिमूटभर अडीअडचणीला,
बाकी सगळं घर.
घर वेगळं ठेवायचं, ती म्हणाली,
म्हणजे सिस्टिम कितीदा उलथली तरी आतलं सामान हलत नाही.
आम्ही पाच भाऊ. आम्हांला हे कुणी सांगितलं नाही.

सदुसष्ट टक्क्यांवर वीज गेली.

दुसऱ्यांदा बसलो ते पहाटे,
होड्या बाहेर पडल्यावर, तारांवर भार नसताना.
भाषा: मराठी.
वेळ कुठली, म्हणून विचारलं तर यादीत
नाटे नाही, रत्नागिरी नाही, मुंबईसुद्धा नाही.
कोलकाता दाबा काका, तीच आपली.
दाबलं. खाडीतलं पाणी आपल्या वेळेनं चढत होतं.

अक्षरं मोठी करून घेतली, माझ्या मोतीबिंदूपुरती.
पडद्यावर बर्फाचे डोंगर आले होते, ते काढायला लावले.
बर्फ पुरे झाला.
ळ सापडेना. पाऊण तास ळ शोधला,
त्याच्याशिवाय कोळंबी लिहिता येत नाही.

सगळं झालं, तर इंटरनेट घरात घेईना.
जी साइट उघडावी ती म्हणे, प्रमाणपत्राची तारीख अजून आलेली नाही.
मी ड्रायव्हर बदलला, केबल बदलली, मोबाइल जोडून पाहिला.
शेवटी तन्झिलाने कोपऱ्यात बोट ठेवलं.
एक जानेवारी दोन हजार नऊ.
आतला सेल मेलाय, काका. बंद केला की हा दर वेळी तिथेच जातो.

तिथे म्हणजे कारखाना चालू.
रात्रपाळी, मुसाकाझीपर्यंत ऐकू जाणारी धडधड,
फळीवरून सुटणाऱ्या लाद्या, आणि
या डाव्या हाताला पाचही बोटं.
मी म्हटलं, राहू दे दोन दिवस.
दोनाचे नऊ झाले.
रोज सकाळी चालू करायचो, तारीख बघायचो, बंद करायचो.

दहाव्या दिवशी तन्झिलाला कॉलेजचा फॉर्म भरायचा होता.
रुपयाएवढा सेल नाट्यात मिळेना, राजापूरला कोण जाणार.
प्रमिलाच्या सोडे तोलायच्या छोट्या काट्यात
तसाच एक निघाला. तिला न विचारता काढला.
टक् करून बसला.
नवी वेळ घेतली. साइटी उघडल्या. फॉर्म गेला.

आता प्रमिला जुनी तागडी काढून बसलीय,
दगडाचं वजन, माप सैल, हात त्याहून सैल.
गिऱ्हाइकाला मूठभर सोडे जास्तच जातात.
हिशेबाच्या नव्या फाइलीत
ती मूठ कुठल्या रकान्यात मांडायची,
तेवढं अजून ठरत नाही.