बाण

टाकी काठोकाठ. नोझल टक् झालं की थांबायचं,
पंपावरच्या पोराला बजावलंय, पैसे गोल करू नकोस.
मग वहीत : तारीख, किलोमीटर, लिटर.
भागाकार महाप्याच्या सिग्नलला.
आठ पूर्णांक सहा.
पुढच्या टाकीलाही आठ पूर्णांक सहा.

गाडी दोन हजार चारची, फोर बाय फोर,
अण्णांनी घेतलेली, तुर्भ्याच्या खाणीसाठी.
खाण बंद झाली. अण्णा गॅलरीत बसतात.
आणि मी तिच्यातून खारघरच्या टॉवरांना
कुंड्या पोचवते, लाल माती, गांडूळखत,
बाविसाव्या मजल्यावर सोनचाफा.
झाडामागे सुटतात चाळीस रुपये,
त्यातले अर्धे सायलेन्सरमधून जातात.

सगळं करून झालं.
हवा भरली, सकाळी, टायर गार असताना.
फिल्टर बदलला, तर डब्याच्या तळाशी
पांढरी भुकटी, अजून, डोंगराची.
हौद्यावरचा लोखंडी सांगाडा उतरवला,
मागचा ब्रेक धरत होता तो सोडवला,
ठाणे-बेलापूर रोडला साठच्या वर गेले नाही.
मागून हॉर्न. वाजव बाबा.
आठ पूर्णांक नऊ.

शिरवण्याला परकार मिस्त्रींचं एक शटर आहे.
त्यांनी पुढचं चाक जॅकवर घेतलं,
एका हाताने फिरवलं, आणि गोणपाटावर आडवे होऊन
मला म्हणाले, वाक. बघ.
खाली पुढचा शाफ्ट फिरत होता, सावकाश,
कुणी न बोलावता.
"याने आता झोपलेलं असायला हवं."
हबवरची माती खरवडली, ग्रीस पुसलं,
आत एक छोटा बाण होता.
लॉकवर.
दोन्ही चाकांना.

म्हणजे डोंगर कापून संपला, तिथे गोदामं आली,
आणि ही बाई रोज चढतेच आहे
सिडकोच्या सपाट रस्त्यांवरून,
मोगऱ्याच्या कुंड्या घेऊन.

बाण हलेना. आधी तेल, मग फडकं गुंडाळून पक्कड,
मग परकारांच्या महाडकडच्या दोन शिव्या.
"फार नाही हं वाढणार," ते म्हणाले,
"जुनं इंजिन आहे, जुन्याइतकंच पिणार."
पैसे मोजून घेतले, ग्रीसचे वेगळे.

रात्री अण्णांना विचारलं.
त्यांनी हवेतच मनगट फिरवलं, उजवीकडे, मग थांबवलं.
"पायथ्याशी उतरून लॉक करायचं,
खाली आलं की सोडवायचं. रोजचं होतं ते."
मग विसरलात?
आमटीत भाकरी मोडत राहिले.
"विसरलो नाही. म्हटलं, सोमवारी बोलावतील परत."

मी वाटी पुढे केली.
अकरा वर्षं झाली त्या सोमवाराला.

परवा टाकी भरली.
घरी पोचले तर दारातच, "किती?"
नऊ पूर्णांक चार.
ते बोटांवर काहीतरी मोजत राहिले.
"नोझल टक् झाल्यावर थांबली होतीस ना?"