साडेतीनचं दुखणं

सोयाबीन रात्रभर भिजतं, पहाटे साडेतीनला फुगून तयार,
आणि नेमकी तेव्हाच छातीत मूठ वळते.
हिरोसाकीतला जानेवारी. टाकीतलं पाणी थेट हाडांना लागतं.
तळहातावर टोफूची वडी घेऊन मी उभी.
हलायचं नाही. वडी मोडेल.
दहा मिनिटं. मग काहीच नाही,
जणू कुणी आलंच नव्हतं.

दोन वर्षं हेच.
दवाखान्यात पोचेपर्यंत दहा वाजतात,
आणि दहा वाजता माझं हृदय
पाहुण्यांसमोरच्या पोरासारखं शहाणं.
पहिल्या डॉक्टरांनी चित्र दाखवलं: नळ्या स्वच्छ.
"वयाचा भाग आहे, कुवाबारा-सान. काळजी कमी करा."
नवऱ्यानं ते वाक्य घरी आणलं,
मिठाच्या बरणीशेजारी ठेवलं,
रोज चिमूटभर वापरलं.

ओरिहारा डॉक्टरबाईंनी आधी वेळ विचारली.
मग म्हणाल्या, "नळी मोकळी आहे, खरंय.
ती आवळते का, ते कुणी पाहिलंय?"

दोन दिवस गोळ्या बंद. मनगटातून तार आत.
मी टक्क जागी. पडद्यावर माझीच धमनी,
पानं झडलेल्या सफरचंदाच्या फांदीसारखी.
"औषध सोडते. दुखलं तर सांगा."

दुखलं.
फांदी बघता बघता बारीक झाली,
मधेच पुसली गेली.
"हेच," मी म्हटलं, "हेच ते, साडेतीनचं."
दुसरं औषध गेलं, फांदी पुन्हा उमटली.
मला रडू फुटलं.
नर्स वाकली, फार दुखतंय का?
नाही गं.
दिसलं ना तुम्हाला?

आता झोपताना एक गोळी, पहाटेच्या पहाऱ्याला.
एप्रनच्या खिशात जिभेखालचा फवारा.
नवऱ्यानं सिगारेट आधी दुकानाबाहेर नेली,
मग नदीपलीकडे, मग कुठे ते विचारलं नाही.
थंड पाण्याशी आता तोच उभा राहतो.
वड्या वाकड्या कापतो. गिऱ्हाईकं गप्प घेऊन जातात.

सगळं गेलं, असं नाही.
जिना चढताना कधी एक मंद दाब,
तासभर रेंगाळणारा.
त्या केसाहून बारीक वाटा, डॉक्टरबाई सांगतात,
कुठल्याच चित्रात न येणाऱ्या.
त्यांच्यासाठी गोळी बदलून पाहतोय. ही तिसरी.

वहीत लिहिते, हिशेबाच्याच वहीत, मागच्या पानापासून:
मंगळवार, काही नाही.
बुधवार, काही नाही. बर्फ.
गुरुवार, तीन चाळीस. एक फवारा. चार मिनिटं.
वडी शाबूत.